थॉमस लिंकनचे कागद

केंटकी राज्यातल्या वॉशिंग्टन काउंटीचं मुख्य गाव स्प्रिंगफील्ड. १८७८ साली तिथल्या कचेरीचे कारकून डब्ल्यू. एफ. बुकर यांना जुन्या दप्तरात दोन कागद सापडले. पहिला १० जून १८०६चा, लग्नाच्या हमीचा. थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी या दोघांनी पन्नास पौंडांची हमी लिहून दिली होती, की थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांच्या विवाहाला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. दुसरा कागद जेसी हेड या मेथडिस्ट पाद्र्याचा. आपण लावलेल्या लग्नांची यादी त्याने कचेरीत भरली होती आणि तीत याच जोडप्याच्या नावापाशी १२ जून १८०६ ही तारीख होती.

अब्राहम लिंकनच्या आईबापांचं लग्नच झालं नव्हतं, त्याचा खरा बाप दुसराच कोणी होता, ही कुजबुज त्याच्या खुनानंतरच्या वर्षांत फार पसरली होती. बापाच्या जागी एकेक नवं नाव पुढे येत होतं. ज्यांनी पुरावा शोधायची तसदी घेतली, त्यांनी हार्डिन काउंटीचं एलिझाबेथटाउनचं दप्तर चाळलं, कारण त्या जोडप्याचा संसार तिथे झाला होता. तिथे नोंद मिळेना, तेव्हा लग्न झालंच नाही असं धरून चालण्यात आलं. पण लग्न लागतं मुलीच्या घरी. नॅन्सी बेरी कुटुंबाच्या आश्रयाला होती आणि ते घर शेजारच्या काउंटीत होतं. कागद बहात्तर वर्षं तिथेच पडून होता.

हा शोध मला मोलाचा वाटतो तो राष्ट्राध्यक्षापेक्षा त्याच्या बापासाठी. थॉमस लिंकन हा नव्या मुलखात जंगल तोडून शेती करणाऱ्या हजारो माणसांपैकी एक. शाळा शिकलेला नाही, पत्र लिहिणारा नाही, रोजनिशी ठेवणारा नाही. अशा माणसाच्या घराण्याचा माग काढायचा तर उरतात फक्त कचेरीतले कागद: खरेदीखतं, करपट्ट्या, मोजणीचे दाखले, दाव्यांचे निकाल. आणि त्या कागदांत जो थॉमस दिसतो, तो चरित्रांतून जगाला माहीत झालेल्या थॉमसपेक्षा फार वेगळा आहे.

चरित्रांतला थॉमस आळशी, कुठेच पाय न ठरणारा, एकामागून एक शेतं सोडून निघून जाणारा. ही प्रतिमा घडवण्यात लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याचा हात मोठा. लिंकनच्या खुनानंतर त्याने जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या आठवणी, आणि सांगणाऱ्यांना थोर मुलाच्या शेजारी बाप जितका खुजा दाखवता येईल तितकी गोष्ट रंगतदार वाटणार. खुद्द लिंकननेही बापाची बाजू फारशी घेतली नाही. १८६० साली निवडणुकीसाठी स्वतःची माहिती लिहून देताना बाप शिक्षणावाचूनच वाढला आणि जेमतेम वेडीवाकडी सही करण्यापलीकडे त्याची लेखणी गेली नाही, असं त्याने नमूद केलं. मात्र त्याच टिपणात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती: आमचं कुटुंब केंटकी सोडून गेलं ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या भानगडींमुळे. सहीबद्दलचं वाक्य सगळ्यांनी उचललं. जमिनीबद्दलचं वाक्य कोणी तपासून पाहायला तयार नव्हतं. ते काम पुढे लुई वॉरन यांनी केलं. केंटकीत पाद्री म्हणून काम करताना त्यांनी तिथल्या काउंट्यांची दप्तरं पानोपान वाचून काढली आणि लिंकनचे आईवडील व बालपण यांवरचं त्यांचं पुस्तक १९२६ साली आलं.

त्या शेतांकडे जाण्याआधी घराणं पाहू.

लिंकन स्वतः या शोधात बराच पुढे गेला होता. १८४८ साली तो काँग्रेसचा सदस्य म्हणून वॉशिंग्टनला होता, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन यांनी त्याला पत्र लिहून कुळाची विचारणा केली. सॉलोमन यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. लिंकनने कळवलं ते इतकंच: आजोबांचं नाव अब्राहम, ते व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले आणि तिथे इंडियनांच्या हातून मारले गेले, त्यांच्याआधीचे लोक पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात उतरले आणि ते क्वेकर पंथाचे होते, असं घरात ऐकत आलो. मग त्याने व्हर्जिनियातल्या डेव्हिड लिंकन यांना लिहिलं आणि काही वर्षांनी टेनेसीतल्या जेसी लिंकन यांनाही. न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं लागेना. दोन्हीकडे मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी तीच ती नावं फिरताना दिसत होती, एवढाच धागा. त्याच १८४८ सालच्या सप्टेंबरात भाषणासाठी तो वूस्टर शहरी गेला आणि माजी गव्हर्नर लीव्हाय लिंकन यांच्या घरी जेवला. यजमान आणि पाहुणा एकाच मूळपुरुषाचे वंशज होते. पंगतीला बसलेल्या दोघांनाही त्याची खात्री देणारा कागद तेव्हा कोणाजवळ नव्हता.

तो मेळ बसला सॅम्युअल शॅकफर्ड यांच्या शोधातून. त्यांचा लेख बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८८७ साली छापून आला. इथे पुन्हा जमीनच कामाला आली. पेनसिल्व्हेनियात १७३६ साली वारलेल्या मॉर्डेकाय लिंकनने मृत्युपत्रात जॉन नावाच्या मुलाला न्यू जर्सीतली तीनशे एकर जमीन ठेवली होती. पुढे १७४८ साली जॉन लिंकन नावाच्या माणसाने न्यू जर्सीतली तेवढीच जमीन विकली आणि खरेदीखतात स्वतःची ओळख मॉर्डेकायचा मुलगा व वारस अशी लिहिली. हाच जॉन १७६८च्या सुमारास शेनन्डोआ खोऱ्यातल्या लिनव्हिल क्रीकवर जाऊन राहिला. हाच थॉमसचा आजोबा. नुसतं नावसाधर्म्य हा पुरावा नव्हे. तीच जमीन बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून गिऱ्हाइकाकडे गेलेली दाखवता आली, म्हणून न्यू इंग्लंड ते व्हर्जिनिया हा दुवा पक्का झाला.

मॉर्डेकाय मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, लोखंडाच्या भट्ट्यांच्या धंद्यातला. पेनसिल्व्हेनियात त्याने १७३३ साली बांधलेलं दगडी घर बर्क्स काउंटीत आजही उभं आहे. त्याचा आजोबा सॅम्युअल लिंकन, इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या हिंगहॅमचा. १६३७ साली फ्रान्सिस लॉज नावाच्या नॉर्विचच्या विणकराबरोबर तो जहाजात चढला, त्या वेळच्या यादीत तो लॉजचा नोकर म्हणून आहे. आडनाव ‘लिंकॉर्न’ असं लिहिलंय आणि वय अठरा. गावच्या चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद मात्र १६२२ची आहे, म्हणजे पोरगा पंधराचाच असणार. त्याने वय वाढवून सांगितलं की कारकुनाने अंदाजाने लिहिलं, कोण जाणे. शोध करणाऱ्याने अशा वेळी दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत आणि पुढे चालावं.

विणकराचा उमेदवार, मग लोहार-भट्टीवाले, मग शेतकरी, आणि दर पिढीला थोडं पश्चिमेला. हा घराण्याचा स्वभाव म्हणून रंगवला जातो, पण कारण साधं होतं. मुलं पुष्कळ आणि बापाच्या जमिनीचे तुकडे सगळ्यांना पुरणार नव्हते.

थॉमसचा बाप कॅप्टन अब्राहम लिंकन. १७८० साली त्याने केंटकीतल्या चारशे एकरांचा हक्क एकशे साठ पौंडांना घेतला. त्या सरकारी कागदावर नाव आहे ‘अब्राहम लिंकहॉर्न’. ज्याने फक्त ‘लिंकन’ हाच शब्द सूचीत शोधला, त्याच्या हाती हा कागद लागणार नाही. कॅप्टनने लिनव्हिल क्रीकची शेती विकली, डोंगर ओलांडले आणि केंटकीत हळूहळू पाच हजार एकरांवर हक्क जमवला. ही भूमी रिकामी नव्हती. शॉनी आणि चेरोकी लोकांचं ते पिढ्यानपिढ्यांचं शिकारीचं रान होतं आणि ते हिसकावलं जातंय हे त्यांना पुरतं समजलं होतं. मे १७८६मध्ये लाँग रन ओढ्याकाठच्या शेतात कॅप्टन अब्राहम आपल्या तीन मुलांसह काम करत असताना जंगलातून गोळी आली आणि तो पडला. मधला मुलगा जोसाया गढीकडे मदतीला धावला. थोरला मॉर्डेकाय, वय सुमारे पंधरा, झोपडीत शिरून बंदूक घेऊन आला. आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताशेजारी बसला होता. त्याला उचलायला वाकलेल्या इंडियनाला मॉर्डेकायने गोळी घातली. लिंकनने लहानपणापासून ही हकिकत इतक्या वेळा ऐकली होती की बाकी सगळ्या आख्यायिकांपेक्षा ती आपल्या मनावर जास्त कोरली गेली, असं त्याने म्हटलंय. साल मात्र त्याला नीट ठाऊक नव्हतं. तो घटना काही वर्षं मागे ओढतो. १७८६ हे साल दप्तरांनी दिलं.

आणि या सालातच थॉमसच्या पुढच्या आयुष्याची किल्ली आहे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता. बापाची सगळी स्थावर मिळकत थोरल्या मुलाला, हा तिथला जुना कायदा. तो मोडीत काढणारा नवा कायदा व्हर्जिनियाने १७८५ साली मंजूर केला, पण तो लागू झाला १ जानेवारी १७८७पासून. कॅप्टन अब्राहम त्याच्या सात-आठ महिने आधी मेला. पाच हजार एकरांचा धनी झाला मॉर्डेकाय, आणि थॉमसच्या वाट्याला काहीच आलं नाही. मॉर्डेकाय पुढे चांगला मातबर झाला, घोडे बाळगू लागला, काउंटीचा शेरीफही झाला. थॉमस पोरवयातच लोकांच्या शेतांवर मजुरी करत फिरू लागला, सुतारकी शिकला. त्या दोन भावांची तुलना करून धाकट्याला नालायक ठरवणाऱ्या चरित्रकारांनी एकदा ही तारीख पाहायला हवी होती.

तरीही १८०३ साली, पंचविशीच्या आसपास, थॉमसने मिल क्रीकवर २३८ एकर जमीन ११८ पौंडांना विकत घेतली. वारसाहक्काने दमडी न मिळालेल्या, सुतारकीच्या आणि मजुरीच्या पैशावर जगणाऱ्या पोराने. १८०६ साली एलिझाबेथटाउनच्या व्यापाऱ्यांचा माल तराफ्यावर लादून तो मिसिसिपीने थेट न्यू ऑर्लीन्सपर्यंत घेऊन गेला आणि परत येऊन लग्न केलं. १८०८च्या डिसेंबरात त्याने सिंकिंग स्प्रिंग नावाची तीनशे एकरांची जागा दोनशे डॉलर रोख मोजून घेतली. तिथे १२ फेब्रुवारी १८०९ला अब्राहम जन्मला. १८११ साली कुटुंब नॉब क्रीकला गेलं, तिथली जमीन जास्त कसदार होती. लिंकनची सगळ्यात जुनी आठवण त्या शेतातली: बापलेक मका पेरत होते, त्याने ओळींमधून भोपळ्याच्या बिया टोकल्या, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर पाऊस पडून लोंढा आला तो बी, मका, माती सगळंच घेऊन गेला.

तीन शेतं घेतली आणि तिन्ही गेली. का गेली, हे समजायला केंटकीतली मोजणी समजली पाहिजे. व्हर्जिनियाने जमीन आधी मोजून मग विकली नाही. अमुक इतक्या एकरांचा हक्क म्हणून कागद विकले, आणि जागा घेणाऱ्याने स्वतः शोधायची, खासगी मोजणीदार आणून हद्दी लावून घ्यायच्या. हद्दी म्हणजे झाडं, ओढे, खडक. सिंकिंग स्प्रिंगच्या कोपऱ्यावर एक पांढरा ओक होता, १८०५च्या मोजणीत हद्दीची खूण म्हणून त्याची नोंद आहे. त्या झाडापासून इतक्या काठ्या दक्षिणेला, मग दुसऱ्या झाडापर्यंत, मग ओढ्याच्या वळणाने. तो ओक १९७६पर्यंत जिवंत होता. थॉमसच्या त्या शेतात त्या काळचं जितंजागतं असं तेवढंच राहिलं होतं. पण बाकीची झाडं कोणी तोडली, काही वाऱ्याने पडली, ओढ्यांनी पात्रं बदलली. एकाच जागेवर तीन-तीन माणसांनी हक्क लावलेले. जुन्यात जुना कागद ज्याच्याकडे, त्याची सरशी, आणि तो बहुधा दूरच्या शहरातला पैसेवाला असे.

मिल क्रीकची जमीन थॉमसने १८१४ साली विकायला काढली, तेव्हा मोजणीतल्या चुकीने २३८ एकरांचे दोनशेच भरले आणि हाती शंभर पौंड आले. अकरा वर्षं कर भरून अठरा पौंडांचा तोटा. सिंकिंग स्प्रिंगवर आधीच्या एका मालकाचं देणं चिकटलेलं निघालं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि रोख पैसे मोजलेली जमीन हातची सुटली. नॉब क्रीकवर १८१५मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस मिडलटनच्या वारसांनी दावा लावला. दहा हजार एकरांवर त्यांचा हक्क असल्याचं म्हणणं. दहा शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या आणि त्यांतून नमुन्याचा खटला म्हणून थॉमस लिंकनचाच निवडला गेला. निकाल १८१८ साली लागला आणि तो थॉमसच्या बाजूने लागला. पण तोवर दीड वर्ष होऊन गेलं होतं त्याला ओहायो नदी ओलांडून.

फिरस्ता म्हणून हिणवलेल्या माणसाची ही खरी हकिकत. तो एकदाही कर्ज बुडवून पळाला नाही. वॉरन यांनी हार्डिन काउंटीच्या करपट्ट्या वाचल्या. केंटकीची १७९० आणि १८००ची शिरगणती नष्ट झाली आहे, त्यामुळे तिथे माणूस शोधायचा तो करपट्टीतच, जमीन किती, घोडे किती, गुलाम किती या रकान्यांत. १८१४च्या पट्टीत आपल्या भागातल्या ९८ मिळकतदारांत थॉमस पंधरावा आहे. ज्यूरीत बसलेला आहे, १८१६ साली रस्त्याच्या एका टप्प्याची देखरेख काउंटीने त्याच्याकडे दिलेली आहे. गुलामांच्या रकान्यात त्याच्या नावापुढे कधीच काही नाही. १८११ साली त्या काउंटीत करपट्टीवर १,००७ गुलाम होते आणि सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष १,६२७. गुलामाकडून फुकट काम होत असताना सुताराला, मजुराला काय मोबदला मिळणार? थॉमस आणि नॅन्सी ज्या लिटल माउंट बॅप्टिस्ट मंडळीत जात, ती गुलामगिरीच्या विरोधातली होती. म्हणून मुलाने दिलेली दोन्ही कारणं मला खरी वाटतात, आणि त्याने लावलेला क्रमही.

डिसेंबर १८१६मध्ये इंडियाना राज्य झालं, त्याच महिन्यात हे कुटुंब तिथे पोचलं. इंडियानात गुलामगिरीला बंदी होती आणि जमीन आधी सरकारने मोजून मग विक्रीला काढलेली होती. डेलावेअर वगैरे लोकांकडून १८०४च्या व्हिन्सेन्सच्या तहाने काढून घेतलेला तो मुलूख. तिथे झाडं आणि ओढे यांच्या भरवशावर काही नव्हतं. १७८५च्या कायद्याने सहा मैल बाजूचे चौकोन आखले, त्यांचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, त्याची चौथाई १६० एकर. मोजणी सहासष्ट फुटी गुंटर साखळीची. आपल्याकडेही इंग्रजांनी तीच मापं आणली. महाराष्ट्रातला गुंठा तेहतीस फूट बाजूचा, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर तो त्या हिशोबातूनच. त्यामुळे मराठी शेतकऱ्याला थॉमसचा नवा पत्ता कळायला अवघड नाही: टाउनशिप चार दक्षिण, रेंज पाच पश्चिम, भाग बत्तीस, त्याची नैर्ऋत्य चौथाई. इंडियानात या वर्णनाचा दुसरा तुकडा नाही. मिडलटनच्या वारसांना तिथे बोट शिरकवायला जागा नव्हती.

१५ ऑक्टोबर १८१७ला थॉमस व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत गेला आणि त्या १६० एकरांसाठी सोळा डॉलर भरले. भाव एकरी दोन डॉलर. डिसेंबरात चौसष्ट भरले, म्हणजे ३२० पैकी ऐंशी, चौथा हिस्सा. उरलेले हप्ते त्याच्याने होईनात. त्याच्यासारखे असंख्य शेतकरी थकले, तेव्हा काँग्रेसने कायदा करून सवलत दिली की थोडी जमीन परत करा, तिचा भरणा उरलेल्या जमिनीकडे वळता करून घ्या. थॉमसने तेच केलं. अर्धी चौथाई सोडून दिली आणि जून १८२७मध्ये उरलेल्या ऐंशी एकरांची सनद त्याच्या नावे झाली. वयाच्या पन्नाशीला टेकताना, जिला कोणी हात लावू शकणार नाही अशी जमीन पहिल्यांदा त्याच्या नावावर चढली.

त्या दहा वर्षांत घरात काय काय झालं होतं. ५ ऑक्टोबर १८१८ला नॅन्सी वारली. पांढरी स्नेकरूट नावाची वनस्पती जंगलात चरणाऱ्या गायी खातात, तिचं विष दुधात उतरतं आणि ते दूध पिणारा माणूस मरतो. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, गावच्या गाव या दुधाच्या आजाराने धास्तावलेलं असे. काही दिवसांपूर्वीच तिचे मावसा-मावशी त्याच आजाराने गेले होते. थॉमसने फळ्या रंधून शवपेटी स्वतः केली. वर्षभराने तो एलिझाबेथटाउनला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून तिला आणि तिच्या तीन मुलांना घेऊन आला. लिंकनने या सावत्र आईवर जन्मभर जीव लावला. थॉमसने केलेली कोपऱ्यात बसणारी लाकडी कपाटं आजही संग्रहालयांत आहेत. त्यांचे सांधे पाहिले की आळशी माणसाचं हे काम नव्हे एवढं कोणीही सांगेल.

नॅन्सीच्या माहेराचा माग फार बिकट निघाला. बायकांची नावं लग्नागणिक बदलतात, जमीन त्यांच्या नावावर नसते, करपट्टीत त्या नसतात. १८९९ साली कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी जोसेफ हँक्स याचं १७९३चं मृत्युपत्र पुढे आणलं. त्यात त्याने मुलांना एकेक घोडा आणि मुलींना एकेक कालवड दिली होती, प्रत्येक जनावराच्या नावानिशी. नॅन्सी नावाच्या मुलीला मिळालेल्या कालवडीचं नाव पायडी. हीच लिंकनची आई, असं हिचकॉक यांनी जाहीर केलं आणि पुष्कळांनी ते मान्यही केलं. पण ती नॅन्सी निघाली लिंकनच्या आईची मावशी, तिचं लग्न लीव्हाय हॉलशी झालं होतं. थॉमसला न्याय देणाऱ्या वॉरन यांचंही इथे चुकलं. नॅन्सीची आई लूसी हँक्स घराण्यात जन्मली नाही, ती शिप्ली घराण्यातली आणि एका हँक्सची विधवा, असं त्यांनी मांडलं. त्यामुळे तिच्या जन्माला कलंक राहत नव्हता, आणि मला वाटतं त्या ओढीनेच त्यांना तिकडे नेलं.

लिंकनने स्वतः हर्नडनला, १८५०च्या सुमारास बग्गीतून खटल्याला जाताना, सांगितलं होतं की आई ही लूसी हँक्स हिची लग्नाबाहेरची मुलगी. लूसीविरुद्ध १७८९ साली मर्सर काउंटीत बदवर्तनाचा ठपका ठेवल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी हेन्री स्पॅरोशी लग्नाची हमी झाली तेव्हा आपण सज्ञान आहोत, हे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. ज्या काळात त्या भागातले कितीतरी पुरुष अंगठा करत, त्या काळात बदनाम झालेली ही बाई स्वच्छ अक्षरात आपली संमती लिहिते. माझ्या दृष्टीने सगळ्या दप्तरात याहून बोलका कागद नाही.

हा वाद २०१५ साली रक्ताने सोडवला. आईकडून मुलीला आणि मुलीकडून नातीला असा न तुटता जाणारा डीएनए असतो. लिंकनचे थेट वंशज १९८५ साली संपले, आणि तसेही ते पुरुषांच्या बाजूने आलेले असल्याने उपयोगाचे नव्हते. म्हणून संशोधकांनी नॅन्सीच्या मावशांच्या, मुलीमागे मुली अशा चालत आलेल्या शाखा शोधून काढल्या आणि लूसीच्या शाखेशी ताडून पाहिल्या. गट जुळला, आणि तो विरळा गट होता. लूसी ही जोसेफ आणि अ‍ॅन ली हँक्स यांचीच मुलगी ठरली. शिप्ली प्रकरण संपलं. बग्गीत लिंकन जे बोलला, त्यातली आईची बाजू खरी निघाली.

विज्ञानाने एक गोष्ट मोडीतही काढली. सिंकिंग स्प्रिंगवर ग्रॅनाइटच्या भव्य वास्तूत एक ओंडक्यांची झोपडी जपून ठेवली आहे, लिंकनचं जन्मघर म्हणून ती पिढ्यानपिढ्या दाखवली गेली. २००४ साली ओंडक्यांच्या वाढीची वलयं मोजली, तेव्हा जुन्यात जुनं लाकूड १८४८चं निघालं. झोपडी गेली, पण खरेदीचा कागद तसाच राहिला. थॉमसची ओळख त्या लाकडांवर कधी अवलंबून नव्हतीच.

मार्च १८३०मध्ये बैलगाड्या पुन्हा जुंपल्या आणि सगळे इलिनॉयला निघाले. मेकन काउंटीतल्या पहिल्या हिवाळ्याने गारठून त्यांनी कोल्स काउंटी गाठली. अब्राहम आता बावीस वर्षांचा, तो वेगळा झाला. बाप आणि मुलगा यांच्यातलं अंतर पुढे वाढतच गेलं. ऑक्टोबर १८४१मध्ये वकील झालेल्या मुलाने बापाकडून चाळीस एकर दोनशे डॉलरांना विकत घेतले. खरेदीखतात अट अशी, की थॉमस आणि सारा हयात असेपर्यंत वहिवाट त्यांचीच. बापाला रोख हवे होते आणि जमीन जायला नको होती, दोन्ही साधलं. याला कोणी रुक्ष व्यवहार म्हणेल. तीन शेतं कागदावर गमावलेल्या बापाला मुलाने पुन्हा कोणी उठवू शकणार नाही असा कागद करून दिला, असं मी म्हणेन.

जानेवारी १८५१मध्ये थॉमस अंथरुणाला खिळला. लिंकनने सावत्र भावाला कळवलं की आता आमची भेट झाली तर ती सुखापेक्षा दुःखाचीच होईल. तो गेला नाही. १७ जानेवारीला थॉमस वारला, अंत्यविधीलाही लिंकन नव्हता. याचं समर्थन करायची माझी तयारी नाही. पण त्यानंतर त्याने घराण्याच्या बायबलमध्ये आईबापांची, बहिणीची, सावत्र आईची लग्नं आणि जन्म-मृत्यू आपल्या हाताने लिहून काढले, आणि १८५३ साली झालेल्या मुलाचं नाव थॉमस ठेवलं. पुढे सगळं जग ज्याला टॅड म्हणून ओळखू लागलं तो हा मुलगा.

बापामागे उरलेले ऐंशी एकर लिंकनने ऑगस्ट १८५१मध्ये एका डॉलरला सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टनच्या नावे करून दिले. जॉन्स्टनला सगळंच विकून मिझुरीला जायचं होतं. आपल्या चाळीस एकरांना लिंकनने हात लावू दिला नाही. जमीन विकून तू पैसे उडवशील आणि विशेषतः आईच्या दृष्टीने हा मूर्खपणा आहे, असं त्याने त्याला त्या नोव्हेंबरात खरमरीत लिहिलं. अध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघण्याआधी, १८६१च्या जानेवारीअखेर तो कोल्स काउंटीत येऊन सारेला भेटला आणि बापाच्या कबरीवर गेला. कबरीवर तेव्हा दगड नव्हता, तो १८८० साली बसवला गेला. सारा १८६९पर्यंत जगली. ते चाळीस एकर लिंकनच्या मरणापर्यंत त्याच्या नावावर राहिले, आणि कोल्स काउंटीत तो तुकडा ‘अब्राहम फॉर्टी’ म्हणून ओळखला जातो.